निम्मीच टाकी

२३ जुलै १९८३. मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७. आत ६९ माणसं. ४१,००० फुटांवर इंधनाचा पहिला इशारा वाजला आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली.

कॅनडा तेव्हा मेट्रिक मापांकडे वळत होता. विमानातला इंधनमापक बिघडल्याने टाकीत पट्टी घालून मोजमाप झालं आणि हिशेब हाताने केला गेला. लिटरचं वजन ०.८ ऐवजी १.७७ धरलं. तो आकडा पौंडांचा होता. हवं होतं २२,३०० किलो, होतं त्याच्या निम्म्याहून कमी.

पूर्वी हा हिशेब फ्लाइट इंजिनिअर करायचा. ७६७ मध्ये ती जागाच नव्हती. त्याचं काम कुणाकडे गेलं, हे मात्र कुणी स्पष्ट केलं नव्हतं.

कॅप्टन रॉबर्ट पीअर्सन ग्लायडर उडवणारे. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमलीचा जुना हवाई तळ ठाऊक होता. तिथे आता मोटारींच्या शर्यती होत. पीअर्सन यांनी विमान तिरकं करून उंची घटवली, उतरवलं. सगळे वाचले.

कंपनीने दोघांवर कारवाई केली. चौकशीने मात्र कंपनीच्या व्यवस्थेवर बोट ठेवलं. सिस्टीम बंद पडली की आपणही आधी विचारतो, ‘कोणी केलं?’ ‘हे काम नक्की कुणाचं होतं?’ हे विचारलं, तरच पुढची चूक टळते.