१७ जानेवारी : रॉबर्ट कॉर्मियर यांचा जन्म (१९२५)
अमेरिकेतील लेमिन्स्टर (मॅसॅच्युसेट्स) येथे जन्मलेले कॉर्मियर मूळचे वार्ताहर. कुमारवाचकाला त्यांनी कधी खोटा दिलासा दिला नाही. ‘द चॉकलेट वॉर’मध्ये (१९७४) ट्रिनिटी शाळेतला जेरी निधीसाठी चॉकलेटे विकण्यास नकार देतो आणि सत्तेला चटावलेला शिक्षक व विद्यार्थ्यांची गुप्त टोळी त्याला चिरडतात. शेवट बदलण्याची प्रकाशकांची सूचना लेखकाने धुडकावली. मुलांसाठी हे फार निराशाजनक, म्हणून पुस्तक शाळांतून हटवण्याच्या मागण्या वारंवार झाल्या. पण जेरीचा पराभव दडपशाहीचे समर्थन करत नाही. गप्प बसलेल्या बघ्यांमुळेच ती फोफावते, हे तो दाखवतो. रोज दादागिरी सोसणाऱ्या मुलांना गोड शेवटापेक्षा हा खरेपणा अधिक आधार देतो. कॉर्मियर २००० साली निवर्तले.