पत आणि ऐपत : मार्क ट्वेनच्या कर्जाची गोष्ट

मराठीत 'पत' आणि 'ऐपत' हे शब्द इतक्या सहजपणे जोडीने येतात की त्यांतला भेद सहसा जाणवत नाही. ऐपत म्हणजे देण्याची शक्ती. पत म्हणजे 'हा देईल' असा दुसऱ्याला वाटणारा भरवसा. ऐपत आपल्या तिजोरीत असते, पत मात्र दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली असते. म्हणून ऐपत संपलेल्या माणसाला धनकोशी तडजोड करता येते, निम्मेशिम्मे देऊन मोकळे झाल्याची पावतीही मिळवता येते. परंतु त्या पावतीने पत परत येईलच असे नाही. ज्यांनी क्रेडिट कार्डाचे जुने, बँकेने बुडीत खात्यात टाकलेले देणे तडजोडीने मिटवले आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. देणे संपते, पण नावापुढे 'सेटल्ड' हा शेरा राहतो, आणि तो शेरा पुढचा सावकार आधी वाचतो.

कर्ज मिटल्यावर नाव कसे दुरुस्त होते, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत तो एका मोठ्या लेखकाच्या वाट्याला आला आणि त्याचे उत्तर शोधत तो लेखक मुंबईपर्यंत येऊन गेला. त्या प्रकरणाकडे केवळ प्रामाणिकपणाची बोधकथा म्हणून पाहण्याची पद्धत आहे. प्रस्तुत लेखात ते थोडे निराळ्या बाजूने पाहायचे आहे.

आधी त्या काळच्या वहीविषयी. ल्युईस टॅपन हा न्यूयॉर्कचा रेशीम व्यापारी, कडवा धर्मनिष्ठ आणि तितकाच कडवा गुलामगिरीविरोधक. १८३४च्या दंगलीत जमावाने त्याचे घर लुटले होते. १८३७च्या आर्थिक अरिष्टात त्याच्या भावाची पेढी, जिच्यात तो भागीदार होता, अकरा लाख डॉलरांच्या देण्याखाली कोसळली. पुढे टॅपन बंधूंनी ते देणे फेडले. परंतु अनोळखी गिऱ्हाइकांना उधार माल दिल्यावर काय होते, हे ल्युईस विसरला नाही. १८४१ साली त्याने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे वकील, पोस्टमास्तर, दुकानदार तिला आपापल्या भागातील व्यापाऱ्यांची माहिती कळवीत: मालमत्ता किती, देणी किती, बायकोच्या माहेरचा आधार आहे का, दारू पितो का, पूर्वी कधी दिवाळे काढले आहे का. न्यूयॉर्कच्या कचेरीत कारकून हे सारे भल्यामोठ्या चोपड्यांत उतरवून घेत. वर्गणीदार व्यापाऱ्याने कचेरीत यावे आणि हलक्या आवाजात वाचलेला मजकूर ऐकून जावे, अशी रीत होती. या चोपड्यांचे अडीच हजारांहून अधिक खंड आज हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत. माणसाला विकण्याची वस्तू मानू नये म्हणून झगडणाऱ्या टॅपननेच माणसाच्या चारित्र्याची माहिती विकण्याचा धंदा उभा केला, हा इतिहासाचा खास विनोद आहे.

या व्यवस्थेत पत ही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनातून निघून कागदावर आली. मनातली गोष्ट काळाने पुसट होते, कागदावरची होत नाही. एकदा दिवाळे काढलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यात जाऊन दुकान थाटले, तरी त्याची नोंद त्याच्या आधी तिथे पोचलेली असे. कायदाही त्याच्या मदतीला नव्हता. दिवाळखोरीतून मुक्ती देणारे संघराज्याचे कायदे अमेरिकेत अधूनमधून होत आणि लवकरच रद्द होत. १८६७चा कायदा १८७८ साली रद्द झाला आणि त्यानंतर वीस वर्षे असा कायदाच नव्हता. बुडालेल्याने आपली मालमत्ता धनकोंच्या हितासाठी विश्वस्ताच्या स्वाधीन करावी आणि उरलेल्या रकमेविषयी एकेका धनकोची मनधरणी करावी, एवढाच मार्ग होता. मार्क ट्वेन बुडाला तो नेमका या वीस वर्षांत.

ट्वेनची प्रकाशनसंस्था 'चार्ल्स एल. वेब्स्टर आणि कंपनी' हिचा उत्कर्षही दुसऱ्या एका माणसाच्या कर्जातून झाला होता. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट १८८४ साली 'ग्रँट अँड वॉर्ड' या पेढीच्या अफरातफरीत धुळीला मिळाले. विल्यम व्हँडरबिल्टकडून घेतलेल्या दीड लाख डॉलरांपोटी त्यांनी आपल्या तलवारी आणि सन्मानचिन्हे त्याच्या हवाली केली. पुढे घशाच्या कर्करोगाने ग्रासलेले असताना, कुटुंबासाठी काही उरावे म्हणून, त्यांनी आत्मवृत्त लिहून काढले. ते ट्वेनच्या संस्थेने प्रसिद्ध केले आणि ग्रँट यांच्या विधवेला पहिल्याच हप्त्यात दोन लाख डॉलरांचा धनादेश दिला. या यशाने ट्वेनला आपण जन्मजात व्यापारी आहोत असे वाटू लागले. ते खरे नव्हते. पोप लिओ तेरावा यांचे चरित्र घरोघरी खपेल हा अंदाज फसला. अमेरिकन वाङ्मयाचे अनेक खंडांचे संकलन हप्त्याने विकण्याची योजना तर चालली म्हणूनच जिवावर बेतली. कारण छपाई, बांधणी आणि विक्रेत्यांचे कमिशन आधी द्यावे लागे आणि गिऱ्हाइकाचे पैसे मागाहून, थोडे थोडे येत. विक्री जितकी वाढे तितके भांडवल अडकत जाई. शिवाय ट्वेनने पेज नावाच्या संशोधकाच्या खिळेजुळणी यंत्रात अफाट पैसा ओतला होता. हजारो सुट्या भागांचे ते यंत्र चाले तेव्हा अचाट चाले, पण सलग चालत नसे. १८९३ साली बाजार कोसळला, बँकेने कर्जाची मागणी केली आणि १८ एप्रिल १८९४ रोजी संस्थेने हात वर केले. देणे सुमारे एक लाख डॉलर होते. संस्था भागीदारीची असल्यामुळे ते ट्वेनच्या डोक्यावर आले.

यापुढची कथा सर्वांना ठाऊक असते. साठीला टेकलेला, प्रकृतीने खचलेला लेखक जगप्रवासाला निघतो, शंभराहून अधिक व्याख्याने देतो आणि पै न् पै फेडतो. कथा खोटी नाही. पण तिच्यात एक माणूस सहसा वगळला जातो. तो म्हणजे हेन्री रॉजर्स, स्टँडर्ड ऑइलचा उपाध्यक्ष, बाजारात निष्ठुर म्हणून गाजलेला. ट्वेनचे व्यवहार त्याने हाती घेतले आणि सर्वांत आधी लेखकाच्या पुस्तकांचे हक्क त्याच्या पत्नीच्या, ऑलिव्हियाच्या नावे करून टाकले. तिने पेढीला कर्जाऊ दिलेल्या पैशांमुळे ती स्वतःच एक मोठी धनको होती आणि तिचा हक्क आधी, अशी रॉजर्सची भूमिका होती. ऑलिव्हियाला मात्र हे रुचत नव्हते. घर, हक्क, सारे धनकोंना देऊन टाकावे असे तिचे म्हणणे. रॉजर्सने ऐकले नाही. पुस्तके त्या दिवशी कवडीमोलाने गेली असती आणि पुढे कर्ज फेडायला काहीच उरले नसते, हा त्याचा हिशेब होता. तो बरोबर ठरला.

येथे थोडे थांबायला हवे. ऑगस्ट १८९५मध्ये पॅसिफिक महासागर ओलांडण्याआधी ट्वेनने वृत्तपत्रांना एक निवेदन दिले. त्याचा आशय असा की कायद्याने पाहता आपल्याला सर्वस्व सोडून नव्याने आरंभ करता आला असता. परंतु अब्रू ही कायद्याहून कठोर असते आणि ती पूर्ण रकमेपेक्षा कमीवर तडजोड करीत नाही. निवेदनातील ही रेघ प्रत्यक्षात इतकी स्वच्छ नव्हती. मुक्ती देणारा कायदाच नसल्यामुळे, तडजोड न मानणाऱ्या धनकोंची टांगती तलवार त्याच्या पुढच्या कमाईवर राहणारच होती. सर्वस्वही सोडलेले नव्हते. मौल्यवान तेवढे पत्नीच्या नावे सुरक्षित होते. मग हे निवेदन ढोंग होते काय? मला तसे वाटत नाही. ज्या चोपडीत आपल्याविषयी दुसरे लिहितात, त्या चोपडीत त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली. एवढे जाहीर केल्यावर मागे फिरायची सोय उरली नाही. प्रतिज्ञेने पत येत नाही, पण प्रतिज्ञा मोडली तर काय जाईल हे जगाला दिसते. धनको थांबायला तयार होतो तो एवढ्यासाठीच.

या साऱ्याला एक वाङ्मयीन उपरोधाची किनार आहे. वृत्तपत्रांनी ट्वेनची तुलना सर वॉल्टर स्कॉटशी केली. १८२६ साली प्रकाशक आणि मुद्रक यांच्याबरोबर बुडालेल्या स्कॉटने दिवाळखोरी न पत्करता एक लाखाहून अधिक पौंडांचे देणे लेखणीने फेडायचे ठरवले आणि १८३२ साली तो त्याच ओझ्याखाली गेला. उरलेले देणे त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून पुढे फिटले. आता, ट्वेनने आयुष्यभर ज्या लेखकाची मनसोक्त टिंगल केली तो हाच. दक्षिणेकडील राज्यांना खोट्या सरदारी प्रतिष्ठेचा नाद स्कॉटच्या कादंबऱ्यांनी लावला आणि यादवी युद्धाच्या पापातही त्याचा वाटा आहे, असा आरोप त्याने 'लाइफ ऑन द मिसिसिपी'मध्ये केला होता. 'हकलबरी फिन'मधल्या फुटक्या, बुडत्या आगबोटीला त्याने 'वॉल्टर स्कॉट' हे नाव दिले. त्याच बोटीत बसून आता त्याला किनारा गाठायचा होता.

जानेवारी १८९६मध्ये तो मुंबईत उतरला, पत्नी आणि मुलगी क्लारा यांच्यासह. मुक्काम काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये. याच इमारतीत त्याच वर्षीच्या जुलैत ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे मुंबईने प्रथम पाहिली. खोकल्याने बेजार होऊन ट्वेन काही दिवस खोलीतच पडून होता, आणि सज्जात येणाऱ्या कावळ्यांचे निरीक्षण करीत होता. त्यांचे बेरकी वर्णन त्याच्या प्रवासवर्णनात आले आहे. या दौऱ्यात तो रंगवून सांगे ते एक 'नीतिपर व्याख्यान' असे: प्रत्येक पापातून एक धडा मिळतो, तेव्हा माणसाने सारी पापे क्रमाने करून टाकावीत, म्हणजे देवी टोचल्याप्रमाणे तो कायमचा सुरक्षित होईल! बुडालेला माणूस लोकांना नीती शिकवतो आहे, हा विनोद श्रोत्यांना वेगळा सांगावा लागत नसे. मुंबईतल्या ज्या प्रेक्षकांनी तिकिटे काढली, त्यांनी न्यूयॉर्कच्या कोण्या कागदवाल्याचे वा पुस्तकबांधणीवाल्याचे थोडेसे देणे फेडले, असे म्हणायला हरकत नाही.

दौरा जुलै १८९६मध्ये दक्षिण आफ्रिकेत संपला. कुटुंब इंग्लंडला पोचले आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत मागे राहिलेली थोरली मुलगी सूझी मेंदूच्या तापाने गेली. ती २४ वर्षांची होती. बाप शेवटच्या क्षणी जवळ नव्हता. लंडनमध्ये जवळजवळ अज्ञातवासात राहून त्याने प्रवासवर्णन लिहिले. कर्जफेडीच्या हिशेबात त्या पुस्तकाचे पैसे मोजलेले होते. १८९७ साली 'न्यूयॉर्क हेरल्ड'ने त्याच्यासाठी मदतनिधी उघडला. आधी तो राजी झाला, मग ऑलिव्हियाच्या आग्रहाने त्याने निधी बंद करायला लावला. मदतीने ऐपत आली असती. पत आली नसती, हे तिला त्याच्याआधी कळले होते. १८९८च्या आरंभी रॉजर्सच्या हातून शेवटचे देणे चुकते झाले. १९०० साली ट्वेन मायदेशी परतला तेव्हा त्याचे स्वागत एखाद्या विजयी सेनापतीसारखे झाले.

आणि त्याच १८९८च्या जुलैत अमेरिकेत दिवाळखोरीचा टिकाऊ कायदा झाला. प्रामाणिक ऋणकोला उरलेल्या देण्यातून मुक्त करून नवा आरंभ देणारा हा कायदा ट्वेनला काही महिन्यांनी चुकला. पुढच्याच वर्षी, १८९९ साली, अटलांटात 'रिटेल क्रेडिट कंपनी' निघाली. तीच आजची 'एक्विफॅक्स'. क्षमा करणारा कायदा आणि न विसरणारी वही अशी पाठोपाठ जन्मली. वहीला विसरायला शिकवण्यासाठी १९७०चा कायदा करावा लागला: बुडीत कर्जाची नोंद सर्वसाधारणपणे ७ वर्षांनी वगळावी, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क ऋणकोला असावा. १९८९ साली फेअर आयझॅक कंपनीचा गुणांक आला आणि चोपडीतील वाक्यांची जागा तीन आकड्यांनी घेतली. आजही तिथे तडजोडीने मिटवलेल्या जुन्या कर्जाचा शेरा बदलतो, देणे शून्य दिसते, पण मूळ नोंद आपली वर्षे पुरी करूनच जाते. दरम्यान करायचे ते एकच: लहान देणे घ्यावे, वेळेवर फेडावे आणि तसे पुन्हा पुन्हा करावे.

ट्वेनपाशी तीन गोष्टी होत्या: रॉजर्ससारखा मित्र, पत्नीच्या नावे राखलेले हक्क आणि जगभर ऐकली जाणारी वाणी. याच संस्थेबरोबर आणखी कितीजणांच्या नोकऱ्या, किती पुरवठादारांचे धंदे डळमळले असतील. त्यांच्या प्रतिज्ञा कोणत्या वृत्तपत्राने छापल्या असत्या? सामान्य ऋणकोला आपली बाजू सांगायला व्यासपीठ नसते, त्याच्या वतीने बोलते ती फक्त नोंद. म्हणून ट्वेनची गोष्ट वाचून 'सर्वांनी असेच करावे' असा धडा काढणे मला अन्यायाचे वाटते. त्याहून खरा धडा मला १८९८च्या कायद्यात आणि १९७०च्या ७ वर्षांत दिसतो. ज्याच्यापाशी जगाला सांगण्याजोगी गोष्ट नाही, त्याचेही नाव एक दिवस कोरे झाले पाहिजे, हे समाजाने उशिरा का होईना कबूल केले. अब्रू कायद्याहून कठोर असेल. म्हणूनच कायद्याने तिच्याहून थोडे दयाळू असावे.