चूक पोटात घालणारी काठी

गोल्फच्या काठीचे रूप ज्यांनी मुळापासून पालटले, ते त्या खेळातले विजेते वीर नव्हते. आयुष्याची चाळिशी गाठल्यावर हौसेने मैदानावर उतरलेली आणि आपला चेंडू वाकडा का जातो या प्रश्नाने अस्वस्थ झालेली माणसे ती, दिवसभर कारखान्यात वजनामापांचा हिशोब करणारी. या खेळात हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. २०२० पासून अमलात आलेल्या जागतिक पद्धतीनुसार ती कमाल ५४ पर्यंत मिळते. जितकी सूट मोठी, तितका हात अस्थिर. अशा हातासाठी घडवलेली, चूक पोटात घालणारी आणि धन्याच्या सवयीप्रमाणे जुळवून घेता येणारी काठी आज जगभर विकली जाते. परंतु तिच्या कुळातील ‘चूक पोटात घालणे’ आणि ‘जुळवून घेणे’ या दोन शाखा वेगवेगळ्या काळी जन्मल्या आणि पुष्कळ उशिरा एकत्र आल्या, ही गोष्ट निवड करणाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावी.

पहिल्या शाखेचा मूळपुरुष कार्स्टन सोल्हेम. १९११ साली नॉर्वेतील बर्गेन येथे जन्मलेला आणि बालपणीच अमेरिकेतील सिअॅटलला आलेला हा चांभाराचा मुलगा आर्थिक मंदीच्या दिवसांत विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट टाकून, पुढे स्वतःच्या कष्टाने अभियंता होऊन जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाला; आणि सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याने प्रथम गोल्फची काठी हाती धरली. हिरवळीवर चेंडू खळीकडे ढकलण्याच्या पटर नामक काठीने त्याला फार छळले. अव्वल खेळाडूने यावर सरावाचा उपाय केला असता. सोल्हेमने काठीचीच चौकशी आरंभली. चेंडू मुखाच्या मध्यबिंदूपासून जरासा बाजूला लागला की काठीचे डोके आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळते, मुखाची दिशा फिरते आणि फटक्याचे बळही वाया जाते, हे त्याच्या ध्यानात आले. त्या काळच्या पटरचे वजन मध्याशी एकवटलेले असे. ते त्याने दोन टोकांना, म्हणजे टाचेकडे आणि अग्राकडे, वाटून टाकले. तारेवरून चालणारा कसरतपटू लांब आडवा बांबू हाती धरतो, त्याचेही कारण हेच: वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितका वळण्याला होणारा विरोध अधिक. शास्त्रज्ञ यास जडत्व-आघूर्ण म्हणतात, आणि ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे अंतर दुप्पट केले की विरोध चौपट होतो.

१९५९ साली कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथे घराच्या गॅरेजमध्ये त्याने असा पहिला पटर घडवला, आणि चेंडूला लागताच त्यातून जो नाद उमटे, त्यावरून त्याचे नाव पिंग पडले. १९६६ साली ग्रामोफोनच्या तबकडीच्या वेष्टनावर रेखाटलेला त्याचा अॅन्सर पटर इतका यशस्वी झाला की पुढल्या वर्षी त्याने नोकरीचा राजीनामा दिला. हेच तत्त्व त्याने लोखंडी काठ्यांनाही लावले, पाठीमागचा मधला भाग पोकळ करून वजन कडेला नेले. आणि १९८२ च्या आय-२ या काठ्यांनी सामान्य खेळाडूंच्या पिशव्या भरून गेल्या. माझ्या मते सामान्य खेळाडूवर याहून मोठे उपकार कोणी केलेले नाहीत.

लांब पल्ल्याच्या काठीचे, म्हणजे ड्रायव्हरचे, डोके मात्र अद्याप लाकडाचेच होते, आणि तेही आपल्याकडील टेंभुर्णी ज्या कुळातली त्याच कुळातील पर्सिमन वृक्षाचे. भरीव लाकडाचा आकार वाढवावा तर वजनही वाढते, म्हणून वस्तुमान कडेला नेण्यास वावच नव्हता. १९७९ मध्ये गॅरी अॅडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने पोकळ पोलादी डोके बाजारात आणले. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीचा १९० घन सेंटिमीटरचा बिग बर्था आला. १९९५ मध्ये हलक्या टायटॅनियमने तो आकार २५० वर नेला. ही वाढ अशीच चालू राहिली असती, तेव्हा नियामक मंडळांनी २००४ पासून आकाराला ४६० घन सेंटिमीटरची आणि २००६ मध्ये जडत्व-आघूर्णाला ५९०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटरची मर्यादा घातली.

दुसरी शाखा खरे तर वयाने थोरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये अर्कर्ट नामक कारागिराने मुखाचा कल बदलणारी एकच लोखंडी काठी विकावयास काढली होती. परंतु खेळाचे धुरीण यांत्रिक करामतीकडे संशयाने पाहत. १९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकी खेळाडूने, जो स्वतः पस्तिशीच्या आसपास गोल्फ शिकला होता, स्केनेक्टडी पटरने ब्रिटनची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. तो पटर घडवणारा आर्थर नाइटही योगायोगाने जनरल इलेक्ट्रिकचाच अभियंता. पुढे १९१० साली सेंट अँड्रूजच्या मंडळाने मध्यभागी दांडा बसवलेल्या अशा पटरना मनाई केली, आणि ती उठण्यास १९५१ साल उजाडले. फर्मानांचा हा दरारा पाहता, स्क्रूने जागा बदलता येणारी चार वजने असलेला आर-७ ड्रायव्हर २००४ मध्ये निर्वेधपणे विकला जाणे हीच मोठी मजल होती. कारण वजन बदलण्याला नियमांत तरतूद होती, त्यापलीकडे नव्हती. त्यापलीकडची मुभा १ जानेवारी २००८ पासून मिळाली, आणि लगोलग दांड्याच्या बुडाशी फिरती नळी बसवून मुखाचा कल व रोख बदलणारे ड्रायव्हर आले.

आता निवडीचा प्रश्न. समायोजन ही स्थिर दोषावरची मात्रा आहे: ज्याचा चेंडू नित्य उजवीकडेच वळतो, त्या उजव्या हाताच्या खेळाडूने वजन टाचेकडे सरकवावे, नळी फिरवून कल वाढवावा, म्हणजे मुख किंचित मिटते व वळण घटते. परंतु नवशिक्याचा दोष स्थिर नसतो. एक फटका टाचेवर बसतो, दुसरा अग्रावर, आणि अशा विखुरलेल्या चुकांना कोणताही स्क्रू आवरू शकत नाही. त्यांना आवरते ते केवळ कडेला नेलेले वजन. म्हणून विकत घेताना मोठे डोके, मागे व कडेला नेलेले वस्तुमान आणि साडेदहा ते बारा अंशांचा कल आधी पाहावा. फिरत्या नळीचा विचार त्यानंतर, आणि तोही जाणत्या शिक्षकासमोर पुष्कळ फटके मारून आपला दोष निश्चित झाल्यावर. एकदा बसवलेली मांडणी महिनोन्‌महिने तशीच ठेवावी. फेरी सुरू झाल्यावर ती हेतुपुरस्सर बदलून त्या काठीने फटका मारण्यास नियमांची मनाई आहे, आणि तसे केल्यास खेळाडू स्पर्धेतून बाद होतो.