उत्तर न सांगणारे मास्तर

शनिवारी रात्री अकरा वाजता मी पुठ्ठा कापत बसलो होतो. लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट, पाण्याचा फिल्टर. लेक केव्हाच झोपलेली. बायको म्हणाली, "अरे, प्रोजेक्ट तिचा आहे की तुझा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग झोप येईना, म्हणून हा लेख!

तर मंडळी, ही भानगड जुनी आहे. १९१८ साली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधल्या विल्यम किलपॅट्रिकने 'द प्रोजेक्ट मेथड' हा निबंध लिहिला. मुलाने हेतू ठरवायचा, आखणी करायची, काम करायचं आणि मग ते तपासायचं. (आमच्या धंद्यात यालाच रिक्वायरमेंट, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग म्हणतात.) मग मास्तरांनी काय करायचं? काहींनी अर्थ काढला, काहीच नाही! १९३८ साली जॉन ड्यूईला सांगावं लागलं की बाबांनो, शिक्षकाने साहेबगिरी सोडायची आहे, जबाबदारी नाही.

ही जबाबदारी म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं ते होशंगाबादच्या कथेतून. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये काम जिल्हाभर पसरलं. आपल्या पुण्याच्या टेल्कोतले अरविंद गुप्ता त्याच वर्षी रजा काढून तिथे गेले आणि आगकाड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी घेऊन आले.

तिथल्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. मुलं टोळ्या करून प्रयोग करत. समजा, एकच बाक चार टोळ्यांनी मोजला आणि चार आकडे आले. बरोबर कुठला, हे सांगून टाकणं सगळ्यात सोपं. पण मास्तरांनी चारही आकडे फळ्यावर लिहायचे आणि विचारायचं, फरक का पडला? "मलाही माहीत नाही, करून बघू" हे वर्गासमोर म्हणायची हिंमत लागते हो! आम्हाला मीटिंगमध्ये जमत नाही.

पण ही हिंमत आकाशातून पडली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षण, दर महिन्याला शिक्षकांची बैठक, शाळेत प्रयोगाचं सामान, आणि परीक्षासुद्धा बदललेली: पुस्तक उघडून लिहायची, शिवाय प्रात्यक्षिक. म्हणजे मास्तर बाजूला उभे राहावेत म्हणून अख्खी व्यवस्था त्यांच्या मागे उभी होती. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम होतं ते.

आज 'फॅसिलिटेटर' हा शब्द सगळीकडे पोचलाय, पण त्याच्यामागची व्यवस्था मात्र आली नाही. भरलेला वर्ग, तीच परीक्षा, तोच पोर्शन, वर प्रोजेक्ट. शिक्षकाने तरी काय करावं? मग प्रोजेक्ट घरी येतो आणि बाप पुठ्ठा कापतो. शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही, मीही तेच केलं की.

असो. रविवारी सकाळी लेकीला म्हणलं, माझा फिल्टर रद्द, तू तुझा कर. तिने बाटली कापली, वाळू भरली, गढूळ पाणी ओतलं. "बाबा, आता हे पाणी स्वच्छ झालं ना?" मी तोंड उघडलं... आणि मिटलं. म्हणलं, "तू कसं तपासशील?"

दुपारपर्यंत स्वयंपाकघरात चिखल झाला. बायकोने परत एक प्रश्न विचारला, तो इथे लिहीत नाही.