पानिपतानंतरचा भ्रम : पार्वतीबाई आणि भाऊसाहेबांचा तोतया

पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी संपला. त्याची पहिली स्पष्ट वार्ता नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या परिसरात मिळाली, ती एका सावकारी पत्रातून. त्यात हानी मांडली होती ती दोन मोत्यांच्या, सत्तावीस मोहरांच्या आणि गणती न लागलेल्या रुपये-खुर्द्याच्या सांकेतिक भाषेत. दोन मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, हे वाचणाऱ्यास उमगले. व्यापाऱ्यांच्या हिशेबी भाषेने भाऊसाहेब अशा रीतीने दहा-बारा दिवसांतच खर्ची टाकले. पेशव्यांच्या घराने मात्र तसे केले नाही.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या. त्या धामधुमीतून वाचून दक्षिणेत परतल्या. पती जिवंत आहेत या श्रद्धेने त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत, असे परंपरा सांगते. या श्रद्धेस निव्वळ भाबडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. भाऊसाहेबांचे प्रेत शीरविरहित सापडले आणि अंगावरील खुणांवरून ओळखून त्याचे दहन झाले, असे काशीराज पंडिताची हकीकत सांगते; पण ते सर्व घडले शत्रूच्या छावणीत, आप्तांच्या डोळ्यांआड. एका प्रेतापुरता संशय ठेवावयास यथार्थ कारण होते. पत्नीच्या मनात तो संशय आशा बनला, यात नवल ते काय?

प्रश्न बिकट झाला तो ही आशा देवघरातून दरबारात गेल्यावर. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत सुखनिधान नावाचा बुंदेलखंडाकडील एक कनोजा ब्राह्मण स्वतःस भाऊसाहेब म्हणवू लागला. त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला. त्याचे ढोंग उघडकीस आले असतानाही त्याच्या नावाची ओढ मात्र ओसरली नाही. १७७६ साली रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्यास मोकळे केले, आणि कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या स्वाधीन होऊ लागले. येथे केवळ भोळ्या शिपायांकडे बोट दाखविणे पुरेसे नाही. सवाई माधवराव त्या वेळी दोन वर्षांचे बालक होते. राघोबादादा गादीवर हक्क सांगत होते. इंग्रजांशी पुरंदरचा तह त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झाला होता. सखारामबापू व नाना फडणीस यांचा कारभार ज्यांना नकोसा होता, त्यांच्या दृष्टीने मेलेले भाऊसाहेब जिवंत होणे अत्यंत सोयीचे होते. म्हणजे पार्वतीबाईंच्या भ्रमामागे प्रेम होते, तर बंडवाल्यांच्या भ्रमामागे बरीचशी व्यवहारबुद्धी होती. इतिहासलेखकांनी हे दोन्ही भ्रम बहुधा एकाच मापाने मोजले आहेत, आणि त्यामुळे 'लोक फसले' एवढाच निष्कर्ष हाती लागतो. वस्तुतः त्यांतील कित्येकांना फसावयाचेच होते.

महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी बंडाचा मोड केला. तोतया समुद्रमार्गे निसटू पाहत असता राघोजी आंग्रे यांच्या हाती लागला. डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. सुखनिधान हे त्याचे नाव आज अभ्यासकांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नाही. 'तोतया' हा शब्द मात्र वृत्तपत्रांत रोज भेटतो, कधी तोतया पोलीस म्हणून, कधी तोतया अधिकारी म्हणून. आणि तो वापरणाऱ्यास पानिपत आठवतेच असे नाही.