गंगाखेडच्या जनीपासून स्मिता पाटील पारितोषिकापर्यंत

१९४९ साली ‘संत जनाबाई’ हा मराठी चित्रपट आला. जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातली. पडद्यावर ती हंसा वाडकर यांनी उभी केली. निजामाच्या राजवटीतून सुटून मराठवाड्याला तेव्हा जेमतेम वर्ष होत होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठीची एमी पारितोषिके पहिल्यांदा दिली गेली. चित्रपटांसाठीची ऑस्कर तर १९२९ पासूनच सुरू होती. आपल्याकडे मात्र वर्षभरातले चित्रपट एकत्र पाहून, तोलून, त्यांतले उत्तम निवडणारी सरकारी व्यवस्था नव्हती. हंसाबाईंच्या जनीला मिळायची ती दाद प्रेक्षकांची.

गौरवाची रीत अर्थात त्याआधीही होती, पण ती थोरामोठ्यांच्या हातून घडणाऱ्या सत्काराची. १९२० साली बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवणाऱ्या या कलावंताला टिळकांची शाबासकी लाखमोलाची होती. पुढे १९३७ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम समुद्रापलीकडच्या जाणकारांना भिडला. दोन्ही प्रसंग अभिमानाचे, पण दोन्ही एकेकटे. पुढच्या वर्षी कोण, त्याच्या पुढच्या वर्षी कोण, हे विचारायची सोय त्यांत नव्हती. पारितोषिक दरवर्षी दिले जाऊ लागते तेव्हाच त्याची परंपरा होते, कारण दरवर्षीच्या कामाची नोंद राहते आणि आधीच्या कामाशी नव्या कामाची तुलना होऊ लागते.

हे वळण आले १९५४ साली. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअर पारितोषिकांचा पहिला सोहळा झाला. ‘टाइम्स’च्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ सुरुवातीला त्यांना ‘क्लेअर्स’ म्हणत. पारितोषिके होती अवघी पाच: चित्रपट, दिग्दर्शन, नायक, नायिका आणि संगीत. ‘दो बिघा जमीन’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. निवड वाचकांच्या मतांवर झाली होती. आज सगळ्यांना ओळखीची असलेली ती हात उंचावलेली काळी बाहुली मराठी शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवली.

त्याच वर्षी केंद्र सरकारनेही १९५३ च्या चित्रपटांसाठी पारितोषिके दिली. सर्वोत्कृष्ट कथापटाचे पहिलेवहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. साने गुरुजींनी तुरुंगात लिहिलेले पुस्तक, वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम. हे पाहायला गुरुजी मात्र नव्हते. १९५० साली ते गेले होते. परभणी त्या वेळी हैदराबाद राज्यात होती. जिथे पदकाचा आनंद झाला, त्या मुंबई राज्यात आपला जिल्हा आला तो १९५६ साली.

एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन पारितोषिकांचे स्वभाव पहिल्यापासून वेगळे होते. एकाचा आधार लोकांची आवड, दुसऱ्याचा परीक्षकांचा निवाडा. पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांनीच चालला आहे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर साठीच्या दशकाच्या सुरुवातीलाच राज्य मराठी चित्रपट पुरस्कार सुरू झाले. या पुरस्कारांची मला सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे त्यांची नावे. गीतलेखनाचे पारितोषिक ग. दि. माडगूळकरांच्या नावाने, कथेचे मधुसूदन कालेलकरांच्या, संगीताचे अरुण पौडवालांच्या, विनोदी अभिनयाचे दामूअण्णा मालवणकरांच्या आणि अभिनेत्रीचे स्मिता पाटील यांच्या नावाने. नव्या कलावंताच्या हाती स्मृतिचिन्ह येते तेव्हा त्याच्या आधीच्या पिढीचे नावही घेतले जाते.

इथे गंगाखेडच्या जनीचा धागा पुन्हा सापडतो. हंसा वाडकरांनी आपले आयुष्य अरुण साधूंना सांगितले आणि ते ‘सांगत्ये ऐका’ या नावाने पुस्तकरूपात आले. १९७१ साली त्या गेल्या. त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला. त्यात हंसाबाईंच्या आयुष्यावर बेतलेली नायिका साकारून स्मिता पाटील यांनी अभिनयाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवले, आणि चित्रपटाला फिल्मफेअरही मिळाले. म्हणजे ज्या बाईने जनी केली, तिच्या जगण्याने दुसऱ्या बाईला सन्मान मिळवून दिला, आणि त्या दुसरीच्या नावाने आज राज्य सरकार उत्तम अभिनेत्रीचा गौरव करते. गंगाखेडच्या मातीपासून या पारितोषिकापर्यंतची वाट अशी सरळ लावता येते.

परभणी जिल्ह्याचे दुसरे नाते वेदनेचे आहे. १९७२ ते ७४ या काळात मानवतमध्ये बायका आणि लहान मुलींचे जे हत्याकांड घडले, त्यावर आधारलेला ‘आक्रीत’ हा अमोल पालेकरांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. १९८१ साली फ्रान्समधल्या नान्त येथील तीन खंडांच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. २०२४ साली याच प्रकरणावर आशिष बेंडे यांनी वेब मालिका केली. ज्या घरांतल्या लेकी गेल्या, त्यांच्या दुःखावर उभ्या राहणाऱ्या कलाकृतीचे मोल पारितोषिकाने ठरत नाही, ते तिने दाखवलेल्या माणुसकीने ठरते. पुरस्कार देणाऱ्या परीक्षकांनीही हीच कसोटी आधी लावायला हवी.

मग आली दूरचित्रवाणी. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही खासगी वाहिनी आली, तीच पुढे झी मराठी झाली. वाहिन्यांनी आपापले पुरस्कार सुरू केले, प्रेक्षकांकडून मते मागवली, आणि पुरस्कार सोहळा हाच एक कार्यक्रम झाला. त्याने एक चांगले केले: परभणी-पाथरी-जिंतूरच्या घरातला माणूसही मतदार झाला. परभणीचा संकर्षण कऱ्हाडे मालिकेत, सूत्रसंचालनात आणि रंगमंचावर दिसू लागला तेव्हा जिल्ह्याला आपला माणूस पडद्यावर भेटला. पण नुकसानही झाले. वाहिनी स्वतःच्याच मालिकांना गौरवते तेव्हा तो घरगुती कौतुकाचा समारंभ होतो. नाचगाण्याला वेळ मिळतो. संकलक, ध्वनिलेखक, वेशभूषाकार यांची नावे मात्र भराभर उरकली जातात.

परीक्षकांच्या निवाड्याची वाट मराठीला जास्त फळली. ‘श्यामची आई’नंतर थेट पन्नास वर्षांनी, २००३ च्या चित्रपटांत ‘श्वास’ देशात सर्वोत्कृष्ट ठरला. पाठोपाठ २०११ चा ‘देऊळ’, २०१४ चा ‘कोर्ट’ आणि २०१६ चा ‘कासव’. यांतला एकही चित्रपट बड्या ताऱ्यांच्या बळावर उभा नव्हता. लोकांच्या मतांवर सोडले असते तर यांतले किती पुढे आले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

हा निवाडा आपल्या जिल्ह्यात दरवर्षी डोळ्यांसमोर होतो: हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर. दिवसभर नोकरी किंवा शेती करून रात्री तालमी करणारी मंडळी ठरलेल्या तारखेला नेपथ्य लावतात, प्रकाशयोजना बसवतात आणि पडदा उघडतात. समोर परीक्षक कागद घेऊन बसलेले असतात. निकालात नाटकासोबत दिग्दर्शन, प्रकाश, नेपथ्य, रंगभूषा यांची वेगवेगळी पारितोषिके असतात, अभिनयासाठी रौप्यपदके आणि गुणवत्ता प्रमाणपत्रे असतात. पहिला आलेला संघ अंतिम फेरीला जातो. दिवे लावणाऱ्याचेही नाव इथे नीट वाचले जाते. या स्पर्धेची साठी केव्हाच उलटली आहे, आणि मराठी रंगभूमीने पडद्याला दिलेले कितीतरी नट अशाच स्पर्धांतून घडले.

म्हणून परभणीकरांना एवढेच सांगणे आहे. झगमगाटाचे सोहळे जरूर पाहा, पण यंदाच्या स्पर्धेची तारीख लिहून ठेवा, तिकीट काढा आणि नाटकाला जा. शाळा-महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना सोबत न्यावे. संघांनी जुनी प्रमाणपत्रे, निकालपत्रे, छायाचित्रे एकत्र करून जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्यावीत. मोठ्या पारितोषिकांचा इतिहास दिल्ली-मुंबईत लिहिला जाईलच. या पहिल्या पायरीचा इतिहास आपण लिहिला नाही तर तो कुणीही लिहिणार नाही.