सण आले की गुडघे का दुखतात? फराळ, साफसफाई आणि लोकलचे जिने सांभाळताना काय लक्षात ठेवाल?

गणपतीपासून सुरू झालेली धावपळ दिवाळी संपेपर्यंत थांबत नाही. माळ्यावरची भांडी उतरवणं, जाळी-जळमटं काढणं, फराळ, रांगोळी आणि पाहुण्यांची ऊठबस हे सगळं एकापाठोपाठ येतं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये त्यात खरेदीची भर पडते. गजानन मार्केट किंवा जपानी बाजारात तासन् तास उभं राहायचं, मग पिशव्या घेऊन स्टेशनचा पूल चढायचा. भाऊबीजेला ठाणे-मुंबईकडे जायचं, तर लोकलमध्ये उभ्याने प्रवास ठरलेलाच.

सणाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी घरातल्या आई किंवा आजी गुडघा धरून बसतात. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून विषय तिथेच संपतो. पण हे दुखणं नेमकं कशामुळे होतं?

सांध्यांमध्ये काय घडतं?

गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. ही कूर्चा झिजते आणि सांध्याच्या इतर भागांतही बदल होतात, त्याला ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२.८ कोटी लोकांना हा आजार होता. त्यातल्या सुमारे ६० टक्के महिला होत्या. सर्वाधिक त्रास गुडघ्यांना होतो.

सण हा आजार निर्माण करत नाही, असलेला त्रास उघड करतो. उकिडवं बसून रांगोळी काढताना किंवा मांडी घालून करंज्या लाटताना गुडघा बराच वेळ पूर्ण वाकलेला राहतो आणि त्यावर मोठा दाब येतो. चकलीचा सोऱ्या दाबताना अंगठा आणि मनगटावर ताण येतो. रोज थोडं करायचं काम दोन दिवसांत उरकलं, की सांधे तक्रार करतात.

थंडीमुळे दुखणं वाढतं का?

अनेकांचा अनुभव तसा आहे. मात्र हवामान आणि सांधेदुखीच्या संबंधावर झालेल्या संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. थंडीत हालचाल कमी होते आणि त्यामुळेही सांधे आखडतात. सकाळी थोडं चालणं, बसल्या बसल्या पाय सरळ करून मांडीचे स्नायू आवळणं-सोडणं याचा उपयोग होतो.

घरात काय बदलता येईल?

- साफसफाई एका रविवारी न उरकता आठ-दहा दिवसांत वाटून घ्या. माळ्यावरचं सामान घरातल्या तरुणांनी काढावं.
- फराळ जमिनीवर न बसता टेबलावर करा. दाबाच्या सोऱ्याऐवजी फिरकीचा सोऱ्या वापरा. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चाला.
- जिना चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.
- सांधा आखडला असेल तर गरम शेक द्या. सुजून गरम लागत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं ठेवा.
- वजनाकडे लक्ष द्या. गुडघ्याचा त्रास असलेल्या स्थूल व्यक्तींवरील एका अभ्यासात, १ किलो वजन घटल्यावर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी झाल्याचं दिसलं होतं.

गोळी घेण्याआधी हे वाचा

सणात सर्वात मोठा धोका इथे आहे. ‘आजचा दिवस निभावून नेऊ’ म्हणत मेडिकलमधून गोळी आणली जाते आणि मग ती रोज घेतली जाते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांमुळे पोटात व्रण किंवा रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, तसंच रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत.

दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांमध्ये एकच औषध असू शकतं. त्यामुळे पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा. शेजाऱ्यांना लागू पडलेली गोळी तुम्हाला चालेलच असं नाही.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू असेल, तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकतं.

प्रत्येक सांधेदुखी झिजेचीच असते का?

नाही. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडलेले राहत असतील आणि दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो. पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन असह्य दुखू लागला, तर गाऊटची शक्यता असते. मद्य, मटण आणि कोळंबीसारख्या पदार्थांनी तो उफाळू शकतो, म्हणून पार्ट्यांच्या दिवसांत जपावं. पावसाळ्याच्या शेवटी ताप येऊन सगळे सांधे धरले, तर चिकनगुनिया किंवा डेंग्यूची तपासणी करून घ्यावी. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावं.

दिवाळी संपण्याची वाट कधी पाहू नये?

एकच सांधा अचानक सुजून लाल-गरम झाला आणि सोबत ताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पडल्यानंतर पायावर उभंच राहता येत नसेल किंवा गोळ्यांनंतर शौच काळी होत असेल, तरी थांबू नये. उल्हासनगरमधलं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय आणि बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय ही सरकारी रुग्णालयं याच पट्ट्यात आहेत.

बाकी दुखण्यासाठीही तपासणी लांबवू नये. फराळाचा एखादा डबा यंदा कमी भरला तरी चालेल, पण घरातल्या बाईने गोळ्यांवर दिवाळी काढणं ही तिच्या कष्टाळूपणाची खूण मानू नये.